वीस टनाचा बॉयलर आणि दोन मिलिमीटरचा दाणा

वार्षिक शटडाऊननंतर बॉयलर पेटवला, त्याच्या तिसऱ्या दिवशी लॉगबुकात रात्रपाळीची ओळ होती: ‘लोड १७ च्या वर नेला की बेड ९२०. लोड उतरवला.’ आदल्या दोन पाळ्यांनीही तेच लिहिलं होतं. हा ताशी २० टन वाफेचा, ४५ किलो दाबाचा, दगडी कोळशावरचा एएफबीसी बॉयलर, म्हणजे हवेने खदखदणाऱ्या तापल्या दाण्यांच्या थरात कोळसा जाळणारा. त्या थराला बेड म्हणतात; लॉगबुकातले १७ म्हणजे ताशी टन वाफ आणि ९२० म्हणजे बेडचं तापमान. शटडाऊनच्या आधी १९-१९.५ टन सहज देत होता. आता नळ्या साफ, नोझल साफ, गळती नाही, बेड मटेरियल नवंकोरं, आणि तरीही तो दोन-अडीच टनांनी कमी पडत होता.

त्या आठवड्यात मी जो निर्णय घेतला तो एका चुकीच्या समजुतीवर घेतला. ती समजूत आजही प्लँटमधल्या चांगल्या जाणत्या माणसांच्या बोलण्यात ऐकू येते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. समजूत अशी: बेडमधले तापलेले दाणे नळीवर आदळतात आणि आदळताना आपली उष्णता नळीला देतात, म्हणजे जितके जास्त आणि जितके जोरात आदळतील तितकी वाफ जास्त.

ज्यांनी एएफबीसी आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तळाला डीपी प्लेट, म्हणजे हवा वाटून देणारी प्लेट, असते आणि तिच्यावर शेकडो नोझल. खालच्या एअर बॉक्समधून एफडी फॅनची (हवा आत ढकलणाऱ्या मुख्य पंख्याची) हवा नोझलांतून वर येते. प्लेटवर कुटलेल्या रिफ्रॅक्टरीचा (उष्णतेत टिकणाऱ्या विटेचा) दाणेदार थर असतो, त्यालाच बेड मटेरियल म्हणतात. हवा कमी असताना थर नुसता पडून असतो. ती वाढवत नेली की एका क्षणी दाणे सुटे होतात, बुडबुडे फुटायला लागतात आणि सगळा थर पिठल्यासारखा खदखदतो. कोळसा पीए (प्रायमरी एअर) हवेबरोबर खालून आत येतो. या खदखदणाऱ्या मालात जळता कोळसा शंभरात पाचही भाग नसतो, बाकी सगळे न जळणारे दाणेच. तापमान ८०० ते ९०० अंशांच्या मध्ये ठेवायचं असतं. त्याच्या बरंच वर गेलं की राख चिकट होते, दाणे एकमेकांना धरतात आणि क्लिंकर तयार होतो. थरातून तिरप्या जाणाऱ्या नळ्या म्हणजे बेड कॉइल. त्यांच्यात पाणी उकळत असतं आणि बेडमधली उष्णता उचलण्याचं मोठं काम त्याच करतात.

बेडचं तापमान हा जमाखर्च असतो. कोळसा तेवढाच, हवा तेवढीच, आणि तरी तापमान चढलं, तर नळ्या पूर्वीइतकी उष्णता उचलत नाहीयेत हे उघड आहे. तापमान मोजणारे थर्मोकपल बदलून पाहिले, आकडे तेच आले. नळ्यांच्या आत चुना असेल म्हणावं तर शटडाऊनमध्ये त्या उघडून पाहिल्या होत्या. कोळसाही जुन्याच साठ्यातला. राहिली ती नळीची बाहेरची बाजू.

मी एफडीचा डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उघडला. विचार सरळ होता: हवा वाढली की खदखद वाढेल, दाणे जोरात हापटतील, नळ्या उष्णता जास्त घेतील. बेड तासाभरात ८७० वर आला आणि कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना हायसं वाटलं. वाफ मात्र १७ वरच होती. चिमणीकडच्या ऑक्सिजनचा आकडा वर गेला, फ्लू गॅस जास्त गरम निघायला लागला आणि टनामागे कोळसा वाढला. बेड निवला होता तो जादा हवा उष्णता घेऊन चिमणीतून निघून गेल्यामुळे. नळ्यांना काहीच जास्त मिळालेलं नव्हतं. लोड वाढवायला कोळसा वाढवला की बेड पुन्हा ९०० च्या पुढे. चार दिवस आम्ही असे चाललो.

पाचव्या दिवशी बॉयलर अटेंडंट मामांनी ड्रेनमधून काढलेला बेडचा माल थंड करून एका घमेल्यात माझ्यासमोर ठेवला. मामा पंढरपूरकडचे, घरी चुरमुऱ्याची भट्टी. ते म्हणाले, “साहेब, माल जाड आलाय. पेटवायच्या आधी हवेवर घेतला तेव्हाच बुडबुडे मोठे दिसत होते.” मी म्हटलं, “मामा, जाड म्हणजे स्पेकच्या बाहेर?” त्यावर ते म्हणाले, ते मला माहीत नाही, पण आमच्या भट्टीत असली वाळू कोणी घालणार नाही. त्यांच्या मते वाफ कमी होण्याचं कारण मात्र वेगळं होतं: कुठेतरी क्लिंकर धरायला लागला असावा. ते निदान बरोबर निघालं नाही. घमेल्यातला माल मात्र बरोबर होता.

चुरमुऱ्याची भट्टी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना मामांचं म्हणणं लगेच कळेल. मोठ्या कढईत वाळू लालबुंद भट्टीवर तापत असते. मिठाच्या पाण्यातून काढलेला तांदूळ तिच्यात पडतो, झारा दोन-चार वेळा फिरतो, आणि बोटं मोजायच्या आत तांदूळ फुलून वर येतो. मग सगळं चाळणीवर ओतायचं. वाळू खाली, चुरमुरे वर. चाळणीतून सहज पडावी म्हणून वाळू बारीक, हे एक कारण झालं. पण बारीक वाळू तांदळाच्या दाण्याला चहूबाजूंनी बिलगते, हे त्याहून मोठं. जाड वाळूत तांदळाला चार ठिकाणी चटका बसतो आणि मधली जागा कच्ची राहते. भट्टीवाला ती वाळू वर्षानुवर्षं सांभाळतो, तिच्यातले खडे वेचून टाकतो.

घमेल्यातला माल प्रयोगशाळेत नेला आणि चाळण्यांच्या थप्पीवर टाकला. आमचं खरेदीचं स्पेसिफिकेशन होतं ०.८५ ते २.३६ मिलिमीटर, एएफबीसीसाठी आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं तसंच. माल त्यात बसत होता. २.३६ च्या वर जवळपास काही नाही, ०.८५ च्या खाली जवळपास काही नाही. पण मोठा हिस्सा १.७० आणि २.०० च्या चाळण्यांवर अडकला होता. स्टोअरमध्ये आधीच्या खेपेची एक फाटकी गोण पडून होती, ती चाळली. तिच्यात बहुतेक माल १ ते १.४ मिलिमीटरमधला. दोन्ही खेपा स्पेकमध्ये, दोन्हींचं टेस्ट सर्टिफिकेट बरोबर, पुरवठादाराने काहीही लपवलं नव्हतं. आम्हीच दोन टोकं लिहिली होती आणि मधलं काही विचारलंच नव्हतं. भर म्हणजे दर वर्षी आम्ही जुना बेड चाळून त्यातला निम्मा परत वापरायचो. या वेळी त्यात क्लिंकरचे तुकडे फार म्हणून सगळाच टाकला होता.

जाड मालाने वाफ कमी होते हे आता समोर दिसत होतं. पण का? माझ्या समजुतीप्रमाणे तर जाड दाणा जास्त वजनाने आदळतो, मग त्याने जास्त उष्णता द्यायला हवी होती. ही विसंगती मला झोपू देईना. शेवटी वही घेऊन एका दाण्याचा हिशोब मांडला.

एक मिलिमीटर व्यासाचा गोल दाणा घेऊ. घनता घनमीटरला २६०० किलो धरली तर वजन सुमारे १.३६ मिलिग्रॅम. दाणा ८५० अंशांवर, नळीचा पृष्ठभाग ३०० अंशांवर, फरक ५५० अंश. दाणा सेकंदाला एक मीटर वेगाने नळीवर येतो. दोन घन वस्तू एकमेकांवर दाबल्या की टेकलेल्या जागी किती चपट्या होतात याचं गणित हाइनरिश हर्ट्झने १८८२ मध्ये दिलं. विद्युतचुंबकीय लहरींचा तोच हा हर्ट्झ. त्याच्या सूत्रात वाळूची आणि पोलादाची लवचिकता घातली की कळतं, दाणा जास्तीत जास्त एक मायक्रॉन दबतो. टेकलेल्या वर्तुळाची त्रिज्या २३ मायक्रॉनच्या आसपास येते, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी ठिपकी. आणि हा स्पर्श टिकतो फक्त तीन मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांतले तीन. मग दाणा उसळून परत जातो.

एवढ्या वेळात एवढ्या ठिपक्यातून किती उष्णता जाईल? १९८८ मध्ये सन आणि चेन या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न सोडवला: हर्ट्झच्या आदळण्यावर उष्णतावहन बसवलं आणि एका टक्करीतल्या उष्णतेचं सूत्र दिलं. त्यात वरचे आकडे घातले की उत्तर येतं साधारण २.४ मायक्रोज्यूल. दाण्याकडे नळीच्या मानाने जादा असलेली उष्णता मोजली तर ती ०.८ ज्यूलच्या थोडी वर आहे. म्हणजे एका टक्करीत दाणा आपल्याकडच्या दहा लाख भागांतले तीन भाग देतो. त्याचं तापमान अंशाच्या शेकड्याव्या हिश्श्यानेही उतरत नाही.

हीच गोष्ट नळीच्या बाजूने पाहू. अशा बेडमध्ये नळीचा दर चौरस मीटर अंशामागे २५० वॅटच्या आसपास उष्णता घेतो. ५५० अंशांच्या फरकाला ते होतात १ लाख ३७ हजार वॅट. चौरस मीटरवर एक मिलिमीटरचे दाणे शेजारी शेजारी लावले तर दहा लाख बसतात. सगळी उष्णता टक्करींतूनच यायची असेल तर प्रत्येक दाण्याच्या जागेवर दर सेकंदाला ५७ हजार टकरा व्हायला हव्यात. दोन टकरांच्या मध्ये मिळणार साधारण १७ मायक्रोसेकंद. तेवढ्यात सेकंदाला एक मीटर वेगाचा दाणा आठ-नऊ मायक्रॉन मागे जाऊन परत यायचा. असं कुठल्याही बेडमध्ये होत नाही.

मग तो न उसळता नळीला टेकून राहिला तर? तेही करून पाहिलं. स्वतःच्या वजनाने टेकलेल्या दाण्याचा ठिपका आणखी लहान असतो, अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी त्रिज्येचा. त्यातून जेमतेम दीड मिलिवॅट जातात.

उष्णतेची खरी वाट दाण्याच्या आजूबाजूला आहे. गोल दाणा सपाटीला एका बिंदूत टेकतो, आणि त्या बिंदूभोवती वायूची पाचर तयार होते, मध्ये शून्य जाडीची आणि कडेकडे रुंद होत जाणारी. वायू उष्णता वाहून न्यायला वाईट. पण थर मायक्रॉनभर जाडीचा असेल तर वाईट वाहकातूनही भरपूर जाते. बिंदूच्या अगदी जवळ वायूचे रेणू दाणा आणि धातू यांच्यात सरळ ये-जा करतात आणि तिथे नेहमीचं सूत्र कमी पडतं, त्याची दुरुस्ती करावी लागते. ती केल्यावर एका दाण्यामागे अर्ध्या वॅटच्या आसपास आकडा येतो. टेकलेल्या ठिपक्यातून जाते त्याच्या कैक शेकडा पट. टक्करीतले २.४ मायक्रोज्यूल वायूच्या वाटेने जायला चार-पाच मायक्रोसेकंद पुरतात, आणि दाणा नळीजवळ असतो तो सेकंदाचा चांगला भाग. माझा हा दाणा गोल आणि गुळगुळीत आहे. खऱ्या कुटलेल्या दाण्याला कोपरे असतात, नळीवर गंजाचा आणि राखेचा थर असतो, त्यामुळे खरा आकडा अर्ध्या वॅटपेक्षा कमी. पण तुलना त्याने बदलत नाही.

याचा ढळढळीत पुरावा हॉस्पिटलच्या आवारात उभा असतो. द्रव ऑक्सिजनची उंच पांढरी टाकी दुहेरी भिंतीची असते, आणि मधल्या पोकळीत परलाइटची दाणेदार भुकटी भरून हवा काढून घेतात. दाणे एकमेकांना टेकलेलेच असतात, लाखो ठिकाणी. तरी उणे १८३ अंशांचा द्रव आत टिकतो, कारण दाण्यांमधला वायू गेलेला असतो. टेकलेल्या ठिपक्यांतून उष्णता खरोखर वाहत असती तर ती टाकी उभीच राहिली नसती.

आता जाड दाण्याचं कोडं उलगडतं. दाण्याचा व्यास दुप्पट केला तर वायूच्या पाचरेतून तो साधारण दुप्पट, फार तर सव्वादोन पट उष्णता देतो, पण नळीवर जागा चौपट अडवतो. म्हणजे नळीच्या तेवढ्याच भागाला पहिल्या थरातून मिळणारी उष्णता जवळजवळ निम्मी. टक्करीचं गणित खरं असतं तर उलट झालं असतं: टक्करीत दिलेली उष्णता व्यासाच्या अडीचाव्या घाताने वाढते, जागा वर्गाने, तेव्हा दोन मिलिमीटरच्या मालाने एक मिलिमीटरपेक्षा चाळीस टक्के जास्त द्यायला हवं होतं. आमच्या बॉयलरने कुठलं गणित खरं ते दाखवून दिलं होतं. मला ते वाचता आलं नव्हतं.

प्रत्यक्षात घट निम्म्यापर्यंत जात नाही. या तापमानाला प्रारणाने येणारी उष्णता ढोबळमानाने पाव हिस्सा तरी असते आणि तिला दाण्याच्या आकाराशी फारसं देणंघेणं नसतं. शिवाय जाड दाण्यांच्या मधून वायू जोरात वाहतो, तो स्वतः नळीला काही देतो. जुन्या, बारीक मालावरच्या प्रयोगांतून आलेल्या झाब्रोद्स्की या संशोधकाच्या समीकरणात उष्णतेचा गुणांक, म्हणजे नळीचा दर चौरस मीटर अंशामागे घेतो ती उष्णता, व्यासाच्या उणे ०.३६ घाताने बदलतो, १.२ चा माल १.८ झाला तर त्यात १३-१४ टक्के घट दिसते. आमच्या आकाराला ते समीकरण काटेकोर लागू नाही, पण दिशा आणि अंदाज द्यायला पुरेसं आहे.

हवा वाढवून वाफ का वाढली नाही, याचंही उत्तर त्याच वहीत निघालं. १९५५ मध्ये मिक्ली आणि फेअरबँक्स यांनी बेडच्या उष्णतेचं एक चित्र मांडलं, ते आजही शिकवतात: तापलेल्या दाण्यांचा पुंजका नळीशी येतो, थोडा वेळ थांबतो, निवतो, बुडबुडा त्याला हटवतो आणि नवा पुंजका येतो. यात पुंजके जितक्या लवकर बदलतील तितकी उष्णता जास्त. माझ्या मनातला डॅम्पर या चित्राने उघडला होता म्हटलं तरी चालेल. बारीक मालासाठी ते खरं आहे, कारण बारीक दाणा क्षणात निवतो आणि निवलेला दाणा नळीशी पडून राहणं म्हणजे जागा फुकट. पण एक मिलिमीटरचा दाणा निवायला सेकंदाच्या वर वेळ घेतो. तो ०.३ सेकंद नळीशी राहिला तर जेमतेम शंभर अंश उतरतो. त्याला दुप्पट वेगाने बदललं तर मिळणारा फायदा पाच टक्के. तेवढ्यासाठी हवा इतकी वाढवावी लागते की नळीभोवती दाण्यांपेक्षा बुडबुडेच जास्त वेळ राहतात, आणि ते पाच टक्केही हातून जातात. जाड मालात अडसर पाचरेचा आहे. ढवळण्याने पाचर पातळ होत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला चकवत होती, ती पॅनेलवरच्या एअर बॉक्सच्या दाबाची. शटडाऊनच्या आधी जो आकडा होता तोच आताही होता, आणि आम्ही सगळे त्यावरून म्हणत होतो की बेड बरोबर आहे. पण खदखदणाऱ्या थरातून जाताना हवेचा दाब जेवढा उतरतो तेवढं थराचं दर चौरस मीटर वजन असतं. दाणे बारीक असोत की जाड, वजन तेवढंच तर आकडा तोच. थर किती उंच फुगलाय हे तो सांगत नाही. एक मिलिमीटरची वाळू ८५० अंशांच्या हवेत सुटी व्हायला सेकंदाला ०.३३ मीटर वेग पुरतो. दोन मिलिमीटरला १.१ मीटर लागतो. आमची हवा अडीच मीटरच्या आसपास. सुटी झाल्यावर उरलेली हवा थर फुगवते, आणि जाड मालात ती बरीच कमी उरते. थर कमी फुगतो, वरची कॉइल उघडी पडते, आणि उघड्या नळीला दाण्यांऐवजी नुसता वायू आणि वर उडालेले थोडे शिंतोडे मिळतात. पीपहोलमधून पाहिलं तेव्हा वरच्या रांगेचे बेंड (नळ्यांची वळणं) अधूनमधून स्पष्ट दिसत होते. जुन्या मालात ते कधीच दिसत नसत, हे मामांनी सांगितलं आणि इतर दोघांनी दुजोरा दिला. वाफेतली घट एकट्या पाचरेची नव्हती. काही पाचरेची, काही या उघड्या नळ्यांची. दोन्हींचं मूळ एकाच दाण्यात. दोघांची वाटणी मला नेमकी करता आली नाही, त्यासाठी लागणारी मोजमापं आमच्याकडे नव्हती.

उपाय साधा होता. बॉयलर बंद न करता ड्रेनमधून थोडा थोडा जाड माल काढायचा आणि वरून १ ते १.४ मधला चाळलेला माल घालायचा, एका वेळी एकाच कंपार्टमेंटमध्ये, एअर बॉक्सचा दाब जागेवर ठेवून. हवा मूळ जागी आणली. घाई केली असती तर थंड मालाने बेड विझायची भीती होती, म्हणून आठवडाभर लागला. दर पाळीत ड्रेनचा नमुना चाळून वहीत लिहायचं काम मामांनी आपणहून घेतलं. माल बदलत गेला तसा बेड त्याच लोडला हळूहळू उतरत गेला. माल बदलायला घेतल्यापासून नवव्या दिवशी १९ टनाला बेड ८७५ होता, ऑक्सिजन जुन्या आकड्यावर.

त्या चार दिवसांच्या जादा हवेची एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. टक्करीतून उष्णता मिळत नाही, म्हणून टक्कर बिनकामाची असं समजू नये. तीन मायक्रोसेकंदांच्या त्या ठिपक्यात दाब प्रचंड असतो. अशा असंख्य टक्करींत धातूचे अगदी सूक्ष्म कण सुटतात किंवा वरचा संरक्षक थर तुटतो. झीज वेगाच्या वर्गापेक्षाही जास्त चढते, आणि वजनदार दाण्याने आणखी. बेड कॉइलवर स्टड (पोलादी खुंट्या) वेल्ड करतात ते त्यासाठीच. आम्ही एकाच वेळी दाणा जाड केला आणि वेग वाढवला. वाफ एक किलो वाढली नाही, नळ्या तेवढ्या घासल्या गेल्या. पुढच्या शटडाऊनला मी वरच्या रांगेच्या प्रत्येक बेंडची जाडी अल्ट्रासोनिकने स्वतः उभा राहून मोजून घेतली. दोन बेंड मागच्या मोजणीपेक्षा बाकीच्यांहून जास्त उतरले होते. ते त्या चार दिवसांनी उतरले की वर्षभराच्या कामाने, हे सांगता येत नाही. दोन्ही बदलून टाकले.

खरेदीचं स्पेसिफिकेशन आता तीन ओळींचं आहे. ०.८५ ते २.३६ ही पहिली ओळ तशीच ठेवली. दुसरीत सरासरी आकार १.१ ते १.३ मिलिमीटर. तिसरीत १.७० च्या चाळणीवर वजनाने दहा टक्क्यांपेक्षा जास्त अडकू नये. पुरवठादाराने विचारलं, हे तर आम्ही पहिल्यापासून देऊ शकत होतो, तुम्ही सांगितलं का नाही? गाडी आली की गोण्या उतरायच्या आधी चार गोण्यांतला माल चाळला जातो, आणि चाळण्यांची थप्पी प्रयोगशाळेतून निघून बॉयलर हाऊसच्या खिडकीत आली आहे. तिच्या शेजारी दोन बाटल्या आहेत, जुन्या आणि नव्या खेपेच्या, त्यांच्यावर तारखांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. नवा मुलगा पाळीवर आला की मामा आधी त्याला दोन्ही बाटल्या हातात देतात आणि बोटांनी फरक ओळखायला लावतात.